भातलावणीला जाणारे वडील लेप्टोची गोळी घेत नाहीत, काय करावं?

तुमचे वडील ६२ वर्षांचे, कणकवलीजवळ स्वतःची शेती, लावणीला रोज चिखलात. आशाताईंनी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा तापाचा आजार) दिलेल्या गोळ्या फडताळात तशाच पडल्यात आणि विचारलं की उत्तर एकच, "जल्म चिखलात गेलो, आमका कसलो लेप्टो!" तुम्ही मुंबईत बसून काळजी करताय.

मी डॉक्टर नाही. कुडाळ तालुक्यात थोडी भातशेती आहे आणि सात वर्षांपूर्वी मला स्वतःला लेप्टो झाला. त्याआधी हेच वाक्य मीही म्हणायचो.

लावणी आटपून आठवडा झाला होता. थंडी वाजून ताप भरला, डोकं ठणकायला लागलं आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की ओटीची पायरी चढवेना. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. व्हायरल आहे म्हणून सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी डोळे लालबुंद. बायको म्हणाली डोळे आले, पण ना चिपडं, ना खाज. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा भावाने गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरता धरता विचारलं, "शेतात उतरला होतात?" औषध त्या उत्तरावर सुरू झालं, रिपोर्ट मागाहून आला. पहिल्या डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मीही सांगितलं नव्हतं. कोकणात पावसाळ्यात शेतात उतरणं ही काय सांगायची गोष्ट आहे का, असं वाटायचं.

हा जंतू उंदीर-घुशींच्या, तसाच गुरं आणि कुत्र्यांच्याही मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तो कित्येक दिवस, कधी कधी आठवडे टिकतो. मेरेत (बांधात) उंदरांची बिळं, वरच्या अंगाला गोठा आणि खाली तुमचा कुणगा (भाताचा तुकडा), म्हणजे सगळा ओघळ पायांशीच येतो. अंगात शिरायला त्याला जखम लागते, नाहीतर डोळ्या-नाका-तोंडाची ओली त्वचा. लावणीत जखम शोधायला जावं लागत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतातच.

म्हणून मी गोळीच्या आधी चिखल्यांकडे बघतो. गमबूट घाला असं सगळे सांगतात. गोठा साफ करताना जरूर घालावेत, पण लावणीच्या चिखलात ते रुततात, आत पाणी भरतं आणि माणूस वैतागून काढून मेरेवर ठेवतो. वडील घालणार नाहीत, त्यावर भांडू नका. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मुठेल (कोकमाचं तेल) चोळायचं, एवढं करवून घ्या. उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत चिखलाचं काम दुसऱ्याने करावं.

आता गोळी. ती बहुधा डॉक्सीसायक्लिन असेल. चिखलात काम चालू आहे तोवर मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. दुधाच्या चहाबरोबर घेऊ नये. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती देत नाहीत. वडिलांची दुसरी औषधं चालू असतील तर आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. गोळी घेतली म्हणजे लेप्टो होणारच नाही, असं मात्र नाही.

"जल्म चिखलात गेलो" याला माझं उत्तर एवढंच, की रोग जुनाच आहे. वाइल नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याचं कावीळवालं रूप १८८६ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे पावसाळ्यात ताप येऊन, पिवळा होऊन माणूस गेला की "कावीळ झाली" म्हणायचे. त्यातले लेप्टोचे किती, कोण मोजणार? आणि तुमची मुंबईही सुटलेली नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिथेही लेप्टोचे रुग्ण वाढले होते.

चिखलात उतरल्यापासून महिनाभरात कधीही ताप आला (बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत येतो), तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खायच्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच मूत्रपिंडावर ताण देतात, आणि लेप्टोत तेच आधी बिघडतं. रक्ततपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. प्लेटलेट डेंग्यूसारख्याच यातही उतरतात, त्यामुळे घोळ होतो. (काजूच्या दिवसांत दोडामार्ग-बांद्याकडे रानात जाऊन ताप आला तर गोष्ट वेगळी. तिथे २०१६ पासून माकडताप आहे, तो गोचिडीमुळे होतो.)

गोळीसाठी रविवारी रात्री त्यांचं जेवण झालं की फोन करा आणि गोळी गिळेपर्यंत फोन ठेवू नका. माझी मुलगी पुण्याहून हेच करते. आणि वडिलांकडून एक वाक्य पाठ करून घ्या, ताप आला तर दवाखान्यात शिरल्या शिरल्या बोलायचं: "डॉक्टरांनू, मी लावणेक चिखलात होतंय."