येत होतं, तरी चुकलं

‘मॅडम, घरी हिला सगळी गणितं येतात. पेपरात मात्र नुसत्या सिली मिस्टेक!’ आई सांगत होती, मुलगी गप्प. परीक्षा जवळ आल्या की ही तक्रार घेऊन पालक येतातच, आणि ‘लक्ष देऊन सोडव, घाई करू नकोस’ हे सांगूनही झालेलं असतं. घड्याळ लावलेल्या पेपरात घाई न करून कसं चालेल?

मी तिला सराव परीक्षांचे पेपर रफ कागदांसकट आणायला सांगितले. उत्तर काय चुकलं ते बाजूला ठेवून आम्ही फक्त कोणत्या ओळीत चुकलं ते शोधत गेलो. एक उदाहरण असं : ७ − २(क्ष − ३) = ३, तर २क्ष + १ किती? हिने क्ष = ५ बरोबर काढलं आणि ५ वरच खूण केली. विचारलं होतं ११. पर्यायांत ५ होतं, आणि कंस सोडवताना चिन्ह चुकलं की येणारं −१ सुद्धा होतं. पेपर काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर’ या भरवशात अर्थ नाही.

कागद संपले तेव्हा चुका दोनच जागी साचलेल्या दिसल्या : कंसाआधीचं वजा चिन्ह आणि शेवटी नेमकं काय विचारलंय ते. ‘मला वाटायचं मी सगळीकडेच चुकते,’ ती म्हणाली. ती पहिल्यांदाच मोकळं बोलली.

मग सगळा पेपर सावकाश सोडवायची गरजच उरली नाही. गणित सुरू करण्याआधी ‘२क्ष + १ = ?’ रफ कागदावर लिहायचं, वजा चिन्हाचा कंस आला की ती पायरी तोंडी न करता लिहायची, बस. तपासताना तेच गणित पुन्हा त्याच वाटेने सोडवू नकोस, असंही बजावलं, कारण डोळे तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतात. क्षची आलेली किंमत समीकरणात टाकून बघायची : ७ − २(५ − ३) = ७ − २ × २ = ३, जमलं. याला काही सेकंद पुरतात. अडलेलं गणित दुसऱ्या फेरीसाठी सोडायचं. त्यावर हटून बसलं की पुढच्या सोप्या गणितांत घाई होते.

पुढच्या काही पेपरांत चिन्हांच्या चुका जवळजवळ थांबल्या. प्रश्न अर्धवट वाचायची सवय अजून अधूनमधून डोकं वर काढते, विशेषतः ‘यांपैकी कोणते नाही’ अशा प्रश्नांत. तिथे ‘नाही’भोवती गोल करायचा, हे तिने स्वतःच ठरवलंय.