टस्कनीत गाडी भाड्याने घ्यावी का? घ्या, पण फ्लॉरेन्स बघून झाल्यावर

तुमचा प्रश्न असा आहे की सप्टेंबरात आईवडिलांना घेऊन रोम, फ्लॉरेन्स, सिएना आणि आसपासची खेडी करायची आहेत, तर रोमपासूनच गाडी घ्यावी का आणि आपलं लायसन्स तिथे चालतं का.

गाडी जरूर घ्या. पिएन्झा, मोंतिक्किएल्लो, मोंताल्चिनो ही गावं वयस्कर माणसांना बसने दाखवणं फार दगदगीचं आहे. पण रोमपासून नको. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो आणि फ्लॉरेन्स चालतच बघायचं शहर आहे. तिथून निघायच्या दिवशी गाडी घ्या, तीही फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळावरून. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनाजवळून टी-२ ट्राम थेट तिथे जाते.

विमानतळाचा आग्रह झेडटीएलमुळे, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्रामुळे. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांचा गाभा ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. अडवायला पोलीस नसतो, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. जितक्या वेळा आत शिराल तितके वेगळे दंड. आधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क कार्डावरून कापते, आणि खरा दंड काही महिन्यांनी घरी येतो. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला बिनदिक्कत आत नेऊ शकतो, त्यामुळे पाट्यांवर स्वतःची नजर हवी. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली वेळा लिहिलेल्या दिसल्या की वळवा. दिव्यांच्या पाटीवर 'वार्को आत्तीवो' झळकत असेल, तर कॅमेरा सुरू आहे, आत जाऊ नका. हॉटेल तटबंदीच्या आत असेल तर आपल्या गाडीचा नंबर ते नोंदवून देतील का, हे बुकिंगआधी लेखी विचारा.

गाडी बाहेरच ठेवायची हा नियम सगळीकडे पाळा. सिएनाला सांता कातेरिना पार्किंगमधून सरकते जिने थेट वर गावात नेतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही सोय मला फारच मोलाची वाटली. सान जिमिन्यानोलाही वाहनतळ वेशीबाहेर आहेत. पुन्हा फ्लॉरेन्सला यायचं झालं तर ए-१ महामार्गालगत व्हिल्ला कोस्तान्झा वाहनतळ आहे. तिथे गाडी लावून टी-१ ट्रामने शहरात या. रस्त्याकडेच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून पार्किंग, पांढऱ्या बहुधा फुकट, पिवळ्या राखीव.

लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतोच. तो आरटीओकडून मिळतो, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. निघायच्या आधी हातात असू द्या, आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा.

उजव्या बाजूने चालवण्याची भीती साहजिक आहे. सरळ रस्त्यावर सवय लवकर होते, चूक होते ती वळणावर आणि पेट्रोल भरून बाहेर पडताना, कारण समोर दुसरी गाडी नसते. मनाशी एकच धरा: चालक नेहमी रस्त्याच्या मध्याकडे. आपण डावीकडे बसलो तरी सवयीने गाडी उजव्या कडेला जास्त सरकते, आरसे घासले जातात ते त्यामुळे. शेजारी बसणाऱ्याला तेवढंच लक्ष ठेवायला सांगा. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरा. गिअर उजव्या हाताने टाकायचे नसतील तर ऑटोमॅटिक आधीच बुक करा, आयत्या वेळी बहुधा मिळत नाही.

महामार्गावर कमाल वेग १३०, पावसात ११०. टोलनाक्यावर आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे. नुसतं 'टेलेपास' (आपल्या फास्टॅगसारखी सोय) लिहिलेल्या पिवळ्या रांगेत शिरू नका. फ्लॉरेन्स ते सिएना रस्त्याला टोल नाही, पण अरुंद आहे. वेळ असेल तर त्याऐवजी कियान्तीतून जाणारा २२२ क्रमांकाचा रस्ता धरा. वळणं भरपूर आहेत, पण आपल्या घाटांत गाडी चालवलेल्या माणसाला जड जाणार नाहीत.

गाडी ताब्यात घेताना चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि अनामत म्हणून त्यावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा मर्यादा मोकळी ठेवा. विम्यात तुमच्या वाट्याची रक्कम किती, हे वाचून मगच सही करा. चारही बाजू, चाकं आणि काचा यांचे व्हिडिओ तिथेच काढा, परत देतानाही काढा.