थॅचरबाईंना कमी पडलेली चार मतं

प्रश्न : मार्गारेट थॅचर यांना १९९० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मतं पडली, तरी त्यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं, असं वाचलं. जिंकूनही जावं लागतं, हा काय प्रकार? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी आकडे बघा. २० नोव्हेंबर १९९० ला ब्रिटनच्या सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या ३७२ खासदारांचं गुप्त मतदान झालं. थॅचरबाईंना २०४ मतं, मायकेल हेसेल्टाइन यांना १५२, आणि सोळा जण कोणाच्याच पारड्यात नाहीत. आपल्या हिशेबाने बावन्न मतांची आघाडी. गुलाल उधळून लोक घरी गेले असते. पण पहिल्या फेरीत नुसतं बहुमत चालत नसे. प्रतिस्पर्ध्यावर एकूण मतदारांच्या पंधरा टक्के आघाडी लागायची, म्हणजे छप्पन. चार कमी पडली. हेसेल्टाइन यांच्याकडची फक्त दोन माणसं फिरली असती, तर २०६ विरुद्ध १५० होऊन बाई तिथेच सुटल्या असत्या.

हा नियम थॅचरबाईंच्या आधी एडवर्ड हीथ पक्षाचे नेते असताना माजी पंतप्रधान अ‍ॅलेक डग्लस-होम यांच्या समितीने सुचवला होता. तोवर खुर्चीवर बसलेल्या नेत्याला आव्हान द्यायची सोयच नव्हती. सोय झाली आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये पहिल्याच फेरीत थॅचरबाईंनी खुद्द हीथना १३० विरुद्ध ११९ असं मागे टाकलं. हीथ यांनी पुढे आयुष्यभर त्यांना माफ केलं नाही, ते वेगळं.

पण नियमाने कोणी पडत नाही; आधी आत पाणी मुरावं लागतं. १९८९ मध्ये अँथनी मेयर नावाचे मागच्या बाकावरचे खासदार उभे राहिले होते. ३१४ विरुद्ध ३३, म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. कोऱ्या-बाद मतपत्रिका आणि गैरहजर धरले, तर साठ जणांनी बाईंना मत दिलेलं नव्हतं. मी असतो तर त्या साठांची यादी उशाशी घेऊन झोपलो असतो. त्यानंतर पोल टॅक्स (प्रत्येक प्रौढामागे लावलेला स्थानिक कर) आला, मार्च १९९० अखेर लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, आणि काठावरच्या मतदारसंघांतल्या खासदारांना आपलीच जागा हलताना दिसू लागली. पक्षनिष्ठा अशा वेळी फार टिकत नाही.

मग आले जेफ्री हाव. माणूस इतका मवाळ की मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांनी एकदा म्हटलं होतं, हावनी केलेला हल्ला म्हणजे मेलेल्या मेंढराने चावणं. युरोपच्या प्रश्नावरून हावनी १ नोव्हेंबरला उपपंतप्रधानपद सोडलं. १२ तारखेला एका मेजवानीत बाई क्रिकेटच्या भाषेत म्हणाल्या, गोलंदाजी जरा वैरीच आहे, पण मी अजून खेळपट्टीवर आहे. दुसऱ्याच दिवशी हाव सभागृहात उभे राहिले आणि हळू आवाजात सांगितलं : आम्ही सलामीचे फलंदाज मैदानात जातो आणि पहिला चेंडू पडल्यावर कळतं की आमच्या बॅटी सामन्याआधीच कॅप्टनने मोडून ठेवल्यात. सभागृहात टीव्ही कॅमेरे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे हे घरोघरी दिसलं. दुसऱ्या दिवशी हेसेल्टाइन यांनी उमेदवारी जाहीर केली.

हेसेल्टाइन १९८६ च्या जानेवारीत मंत्रिपद सोडून मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून गेले होते. तेव्हापासून ते गावोगाव पक्षाच्या कार्यक्रमांना जात, खासदारांना धरून होते. आणि मतदानाच्या दिवशी बाई कुठे? पॅरिसला, शिखर परिषदेत! निकाल कळल्यावर ब्रिटिश दूतावासाच्या पायऱ्या उतरून त्या थेट बीबीसीच्या वार्ताहरासमोर आल्या, दुसऱ्या फेरीत उभी राहणार म्हणून सांगितलं. बिचारा कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगत होता की त्या इतक्यात बाहेर येणार नाहीत, आणि त्या मागून येत होत्या. आम्हा वार्ताहरांना घाम फोडणारा क्षण.

लंडनला परतल्यावर २१ तारखेच्या संध्याकाळी त्यांनी मंत्र्यांना एकेक करून बोलावलं. बहुतेकांचं म्हणणं एकच : मी तुमच्याबरोबर आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. २२ च्या सकाळी त्यांनी माघार जाहीर केली. साडेअकरा वर्षं पंतप्रधान राहिलेली बाई, आणि पक्षनेती म्हणून जनतेने एकदाही हरवलेली नाही.

प्रश्न : आपल्याकडे आमदार असं मतदान का घेत नाहीत? पक्षांतरबंदी कायदा आड येतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येत नाही. राज्यघटनेची दहावी अनुसूची, १९८५ ची, दोन गोष्टींवर बोट ठेवते : आपण होऊन पक्ष सोडणं आणि सभागृहात व्हिपविरुद्ध मत देणं किंवा गैरहजर राहणं. विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत नेता निवडणं यात बसत नाही. पूर्वी मतदान झालेलंही आहे. राजस्थानात १९५४ मध्ये मुख्यमंत्री जयनारायण व्यास पक्षातल्याच मतदानात हरले आणि मोहनलाल सुखाडिया आले. दिल्लीत १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मोरारजीभाईंना ३५५ विरुद्ध १६९ असं हरवलं.

आडवी येते ती सवय. दिल्लीहून निरीक्षक येतात. एका बंद खोलीत आमदार एकेक करून आत जातात, दोन-तीन मिनिटांत बाहेर येतात आणि आम्ही विचारलं की म्हणतात, ‘‘श्रेष्ठी ठरवतील.’’ मग एका ओळीचा ठराव : सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना. आत कोणाला किती मतं पडली, हे निरीक्षक जाणे. एका जुन्या आमदाराने मला विधान भवनाच्या जिन्यावर सांगितलं होतं, ‘‘अहो, आत जाऊन मी माझ्या तालुक्यातल्या पाण्याबद्दल बोललो. नेत्याचं नाव घ्यायला वेडा आहे का मी?’’

त्यामुळे नाराजी मतपेटीत जात नाही. ती बसमध्ये बसून हॉटेलात जाते. जून २०२२ मध्ये सुरत आणि गुवाहाटी आपण पाहिलंच. त्यात कायद्याने भर घातली. पूर्वी एक-तृतीयांश आमदारांची फूट चालायची, ती २००३ च्या दुरुस्तीने काढली. उरली फक्त विलीनीकरणाची वाट, तीही दोन-तृतीयांशांना. थोडे नाराज असतील तर गप्प बसा, पुष्कळ असाल तर घरच उचलून न्या, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. मला तरी यापेक्षा गुप्त मतपत्रिका स्वस्त वाटते.

प्रश्न : बंड करणाऱ्याला खुर्ची मिळत नाही म्हणतात. खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ते म्हणणं हेसेल्टाइन यांच्यामुळे रूढ झालं. थॅचरबाईंच्या माघारीनंतरच्या दुसऱ्या फेरीत त्यांचे मंत्री जॉन मेजर १८५, हेसेल्टाइन १३१, डग्लस हर्ड ५६. या फेरीत साधं बहुमत पुरे होतं; त्याला मेजरना दोन मतं कमी होती, पण बाकी दोघांनी माघार घेतली आणि खुर्ची मेजरना मिळाली. मात्र थॅचरबाईंना १९७५ मध्ये खुर्ची मिळालीच. आणि आपल्याकडे वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसला म्हणून आजही ज्यांना ऐकवलं जातं, ते शरद पवार जुलै १९७८ मध्ये चाळिशीच्या आत मुख्यमंत्री झाले. हेसेल्टाइन यांना १९९५ मध्ये उपपंतप्रधानपदावर समाधान मानावं लागलं. त्याच वर्षी मेजर स्वतःच राजीनामा देऊन पक्षनेतेपदासाठी पुन्हा उभे राहिले, २१८ विरुद्ध ८९ मतांनी जिंकले, आणि दोन वर्षांनी मतदारांनी त्यांना घरी पाठवलं.