डबीवरचा आकडा आणि आतलं नाणं

१९३९चा जॉर्ज सहाव्याचा दुर्मिळ रुपया स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नकोस. १९३८च्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून केलेले फिरतात. चांदी खरी, वजनही ११.६६ ग्रॅम, काटा काय सांगणार? भिंगाखाली तो ९ बघ.

नाणं पारखून सीलबंद केलेल्या डबीवरच्या ग्रेडचंही, म्हणजे दर्जाच्या आकड्याचंही, तसंच. ७०च्या मापात ६०पासून पुढे न वापरलेलं नाणं; पूर्वी ५८वर थांबलेली नाणी आता ६२ लिहून येतात, आणि भाव मात्र ६२चाच! घासून चकचकीत केलेलं घेऊच नकोस, विकणारा कितीही गोड बोलो.

आधी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात जाऊन डोळा तयार कर. मग चांदवडी रुपया, म्हणजे चांदवडच्या टाकसाळीतला जुना रुपया, शोध. टाकसाळीचं नाव त्यावर क्वचितच पूर्ण उमटतं; उमटलं असेल तर थोडे जास्त दे.