२००३ साली इराकवर हल्ला करताना दिलेली कारणं चुकीची होती की खोटी?

तुम्ही विचारलंय की इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत असं अमेरिकेला खरंच वाटत होतं, की सगळं रचलेलं होतं? मला वाटतं, संशय प्रामाणिक होता. खात्री मात्र तयार केली गेली.

संशयाला आधार होता. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनने १९८८ मध्ये हलबजा शहरात आपल्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला होता आणि नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-निरीक्षकांना वर्षानुवर्षं झुलवलं होतं. पण नुसत्या संशयावर कुणी आपली मुलं लढायला पाठवत नाही.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं प्रकरण पुढे आलं. अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांकरता इराक त्या घेतोय, असं सांगितलं गेलं. ज्यांना या यंत्रांची सर्वांत जास्त माहिती, त्या अमेरिकेच्याच ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना ते पटत नव्हतं. नळ्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात, असं त्यांचं मत होतं. अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या ऑक्टोबर २००२ च्या गोपनीय अहवालात हा मतभेद नोंदलेला आहे. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत काही जणांना वेगळं वाटतं, एवढंच राहिलं. ते काही जण कोण, हे गाळलं. याला चूक म्हणायला माझं मन धजावत नाही.

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली. त्यामागचा मुख्य साक्षीदार जर्मनीत आश्रयाला आलेला एक इराकी होता. सीआयएने तोवर त्याची समोरासमोर चौकशीही केली नव्हती. पुढे २०११ मध्ये त्यानेच कबूल केलं की ती गोष्ट बनावट होती.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुराव्यांच्या पलीकडचा आहे. नोव्हेंबर २००२ पासून संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्ये काम करत होते. मार्चमध्ये त्यांच्या देखरेखीखाली ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लांब पल्ल्याची अल-समूद क्षेपणास्त्रं मोडली जात होती. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल-बरादेई यांनी परिषदेला सांगितलं की इराकने आफ्रिकेतल्या नायजरशी युरेनियमचा व्यवहार केल्याची कागदपत्रं बनावट आहेत. त्याच बैठकीत निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले की उरलेल्या तपासाला वर्षं नकोत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने लागतील. दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडले. तपास चालू असताना आणि त्यातून उत्तरं मिळत असताना तो थांबवला गेला.

भारताने त्या जुलैमध्ये सैन्य पाठवायची अमेरिकेची विनंती नाकारली. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. २००४ च्या अमेरिकी तपासात शस्त्रसाठे सापडले नाहीतच. शांततेचे मार्ग संपायच्या आधीच युद्ध सुरू केलं, हे इराक युद्धाबद्दलच्या ब्रिटनच्या अधिकृत चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये लिहून ठेवलं. ब्लिक्स ते १३ वर्षं आधी सुरक्षा परिषदेत सगळ्यांसमोर सांगत होते.