पेशंट विचारतात: हाताचा एक्स-रे काढताना कॅसेट (फिल्मची चपटी पेटी) टेबलावरच ठेवली, मग कमरेच्या वेळी ती टेबलाखालच्या ट्रेमध्ये का सरकवली?

वीस-बावीस वर्षं एक्स-रे काढतेय. त्या ट्रेला आम्ही ‘बकी’ म्हणतो, पण करामत ट्रेची नाही, त्याच्यावर बसवलेल्या जाळीची, म्हणजे ग्रिडची.

कमरेत शिरलेले सगळे किरण सरळ आरपार जात नाहीत. बरेच आतच जिरतात आणि काही मांसाला धडकून भलतीकडे वळतात. पोट सुटलेल्या माणसात तर कॅसेटवर सरळ आलेल्यांपेक्षा हे भरकटलेलेच कितीतरी जास्त. त्यांच्यामुळे हाड दिसत नाही, फोटोभर राखाडी थर तेवढा चढतो. एक्स्पोझर, म्हणजे किरणांचा मारा, वाढवूनही उपयोग नाही. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा दिवा मोठा केला की धुकंच पांढरं होतं, तसंच.

ग्रिडमध्ये शिशाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात, एका सेंटीमीटरमध्ये साधारण 40. मधल्या फटींत ॲल्युमिनियमसारखं काहीतरी हलकं. सरळ आलेला किरण फटीतून निसटतो, तिरका आलेला शिशात अडकतो. ग्रिड 8:1 ची म्हणजे पट्टीची उंची फटीच्या रुंदीच्या आठपट.

1913 मध्ये जर्मनीत गुस्ताव बकी यांनी अशी जाळी केली, पण तिच्या रेघा फोटोत उमटायच्या. पुढे शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी एक्स्पोझर चालू असताना जाळीच हलवायची सोय केली आणि रेघा पुसल्या गेल्या. जुन्या टेबलाखालून घर्र आवाज यायचा, तो त्याचाच.

आता हाताचं. जाळी थोडे कामाचे किरणही खाते, त्यामुळे 8:1 ला एक्स्पोझर साधारण चौपट द्यावं लागतं. हात पातळ, त्यात किरण फारसे भरकटतच नाहीत. मग चौपट डोस कशाला? साधारण दहा सेंटीमीटरपेक्षा जाड भाग असेल तरच ग्रिड. तान्ह्या बाळाला तर आम्ही ती काढूनच ठेवतो.

आणि ग्रिडला सुलटी-उलटी बाजू असते बरं का, कारण कडेच्या पट्ट्या ट्यूबकडे, म्हणजे किरण जिथून येतात तिकडे, किंचित कललेल्या असतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रात्री आयसीयूत छातीचा पोर्टेबल (पलंगापाशी मशीन नेऊन घेतलेला एक्स-रे) काढताना मी ती उलटी लावली. मधला पट्टा ठीक, दोन्ही बाजूंचे किरण पट्ट्यांनीच अडवले, म्हणून त्या पांढऱ्याफटक. डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाले, “दोन्हीकडे पाणी झालंय की काय?” मला घाम फुटला. पेशंटला पुन्हा एक्स-रे घ्यावा लागला, म्हणजे डोस दोनदा. तेव्हापासून ‘ट्यूब साइड’ची खूण बोटाने चाचपल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

हल्ली काही डिजिटल मशिनांत ग्रिड न लावता सॉफ्टवेअरच तो राखाडी थर कमी करतं. पोर्टेबल छातीला मी ते वापरते, कारण पलंगावर ग्रिड नीट सपाट बसत नाही. पण जाड माणसाची कंबर बाजूने घ्यायची असेल, तर मी अजून बकीच ओढते.