ज्यूल ब्रेतों हा चित्रकार कोण? तो आणि त्याच काळातला फ्रेंच चित्रकार मिले यांच्यात फरक काय?

दोघांचा घोटाळा सहज होतो, कारण दोघांनीही सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं धान्य, वेचणाऱ्या बायका रंगवल्या. ब्रेतों (1827–1906) उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर गावचा. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे सलोंमध्ये, 1857 साली दोघांची चित्रं होती. मिलेच्या बायका कंबरेत वाकून धान्य टिपतायत, तर ब्रेतोंच्या चित्रात पिकाला आशीर्वाद देण्यासाठी शेतातून निघालेली धर्मयात्रा आणि वाटेत गुडघे टेकलेले शेतकरी.

खरा फरक कळतो तो ब्रेतोंच्या 1859 च्या चित्रात. सूर्य मावळलाय, वर चंद्रकोर, राखणदार तोंडाशी हात धरून हाळी देतोय आणि बायका सरवा घेऊन निघाल्यात. अनवाणी, फाटक्या लुगड्यात म्हणाव्यात अशा, पण चाल राणीची! मिलेकडे कष्ट दिसतात, इथे डौल. मला विचाराल तर जरा जास्तच डौल. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या दरबाराला मात्र हेच आवडलं, चित्र सरकारी संग्रहात गेलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

चित्रकार व्हॅन गॉगही ब्रेतोंचा चाहता. 1880 मध्ये खिशात जेमतेम पैसे असताना तो कूरिएरला चालत गेला, वाटेत गवताच्या गंजीतही झोपला. पण ब्रेतोंचा नवाकोरा, विटांचा, रुक्ष स्टुडिओ बघून हिरमुसला आणि दार न वाजवताच परतला.

एकच चित्र बघायचं असेल तर शिकागोतलं, 1884 चं चंडोलाचं गाणं ऐकत थबकलेल्या, हातात विळा घेतलेल्या मुलीचं बघा.